गावची देवी आणि गावचा दवाखाना : आरोग्येतिहासाच्या मराठी साधनांची चिकित्सा

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर हे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर बल्लाळदेवीचे स्थान असून पंचक्रोशीतील लोकांची तिच्यावर श्रद्धा आहे. या गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आजारपणात काय करीत आले, हे एखाद्या अभ्यासकास जाणून घ्यावयाचे झाल्यास तो साहजिकच प्रथम जिल्ह्याच्या गॅझेटियरकडे वळेल. लायल यांनी संपादिलेले १८७० सालचे वऱ्हाडचे गॅझेटियर, नेल्सन यांचे १९१० सालचे बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर आणि महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर निघालेली जिल्हा गॅझेटियरांची माला, अशी ही परंपरा आहे. तिचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु या ग्रंथप्रकाराच्या रचनेतच एक गृहीत दडलेले आहे आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रोग, दवाखाने, देवी काढल्याचे आकडे, जन्ममृत्यूंचे प्रमाण ही सामग्री सार्वजनिक आरोग्याच्या प्रकरणात असते. गावची देवी, तिची यात्रा, नवस व बळी यांचा उल्लेख लोक व चालीरीती यांच्या प्रकरणात, नाहीतर ग्रंथाच्या शेवटी येणाऱ्या स्थलवर्णनात आढळतो. दोहोंच्या मध्ये शेकडो पृष्ठे असतात. ज्या माणसाने सकाळी देवीपुढे नारळ फोडला आणि त्याच दिवशी बैलगाडी जुंपून मुलाला खामगावच्या डॉक्टरकडे नेले, त्याचा एक दिवस या ग्रंथात दोन ठिकाणी विभागला जातो आणि तो माणूस स्वतः कोठेच सापडत नाही.

मराठीत आरोग्याचा इतिहास लिहिला गेला तो बहुधा याच विभागणीवर विसंबून. एकीकडे अंधश्रद्धा, दुसरीकडे विज्ञान. पहिली हळूहळू मागे हटत गेली आणि दुसरे पुढे सरकत आले, अशी ती कथा आहे. ही कथा सर्वस्वी खोटी नव्हे. देवीच्या रोगाचा भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला, १९७७ साली देश त्या रोगातून मुक्त झाल्याचे प्रमाणित झाले आणि हे यश नवसाचे नसून लसीचे होय, याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न वेगळाच आहे. औषधाची गुणवत्ता सिद्ध झाल्याने ते समाजात रुजते काय? की त्याला रुजण्यासाठी घर, जात, स्त्रीपुरुषसंबंध आणि सत्ता यांतून वाट काढावी लागते, आणि ती वाट काढीत असताना औषध व समाज हे दोन्हीही बदलतात? गॅझेटियर या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. कारण ते डॉक्टरच्या आणि कलेक्टरच्या बाजूने लिहिलेले साधन आहे. रोग्याच्या बाजूची साधने मराठीत आहेत. पण ती 'वाङ्मय' म्हणून वाचली जातात, इतिहास म्हणून नव्हे. प्रस्तुत लेखाचा रोख या उणिवेवर आहे.

प्रथम आकड्यांचा विचार करू. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. जिल्ह्याचे ठाणे बाजारपेठांच्या सखल प्रदेशात न ठेवता घाटावर बुलढाण्यास ठेवले गेले, यामागे गोऱ्या अधिकाऱ्यांना मानवणारी थंड हवा हे एक महत्त्वाचे कारण होते. आरोग्याच्या कल्पनेने जिल्ह्याच्या नकाशालाच आकार दिल्याचे हे उदाहरण बोलके आहे. मात्र ते कोणाचे आरोग्य, हेही त्यातच सांगितलेले आहे. पुढे गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद पाटलाच्या वहीतून वर जाऊ लागली. मृत्यूच्या कारणांसाठी मोजके रकाने असत: पटकी, देवी, ताप, आमांश व अतिसार, इजा आणि इतर, नंतर प्लेगची भर पडली. यांपैकी 'ताप' हा रकाना सर्वांत भरलेला. हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग, फुप्फुसाचा दाह हे सारे त्यात सामावून जात. वैद्यकाचे ज्ञान नसलेल्या माणसाने, घरच्यांनी सांगितलेल्या शब्दावरून, सरकारने आखून दिलेल्या चौकटीत भरलेली ही माहिती प्रांताच्या वार्षिक अहवालात दशांशचिन्हासह छापली जाई. दशांशाची ही अचूकता पाहून अभ्यासकाने भुलून जाऊ नये. बाळंतपणात दगावलेली स्त्री 'ताप' म्हणून नोंदली गेली, की तिच्या मृत्यूचे सामाजिक कारण कायमचे पुसले जाते. तिला त्या दिवसांत काय खावयास मिळाले, तिचे वय काय होते, सुईण आली तेव्हा तिचे हात कसे होते, हे प्रश्न विचारण्याची सोयच राहत नाही.

रकान्यापेक्षा भाषा अधिक प्रामाणिक असते. मराठीने रोगांना जी नावे दिली, त्यांत समाजाचा रोगाशी असलेला संबंध जसाच्या तसा टिकून आहे. 'देवी' हा शब्द या दृष्टीने फार महत्त्वाचा होय. रोग आणि देवता यांना एकच नाव असणे म्हणजे रोगाला शत्रू न मानता पाहुणी मानणे. तिची बडदास्त ठेवावयाची, घरात शांतता पाळावयाची, तिला दुखवावयाचे नाही आणि ती समाधानाने परत जाईल अशी आशा करावयाची. या कल्पनेत शुश्रूषेचे काही शहाणपण होते, हे मान्य केले पाहिजे. रोग्याला विश्रांती मिळे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर थोडाफार निर्बंध पडे. १८०२ साली मुंबईत पहिली लस टोचली गेली आणि पुढे शतकभर ती खेड्यांत पोहोचत राहिली, तेव्हा मराठीने तिच्यासाठी नवा शब्द घडविला नाही. टोचण्याला 'देवी काढणे' असेच म्हटले गेले आणि टोचणारा तो 'देवी डॉक्टर'. हा केवळ अज्ञानाचा अवशेष नव्हे. सरकारी माणसाने सुईने केलेली क्रियादेखील देवीच्याच कक्षेत बसवून घेतल्याशिवाय आई आपले मूल पुढे करणार नव्हती. लस जिंकली खरी. परंतु ती देवीच्या नावाने घरात शिरली. आज देवीचा रोग उरला नाही, तरी दंडावरचे व्रण दाखविताना जुनी माणसे 'देवी काढल्या' असेच म्हणतात.

मरीआईची गोष्ट याहून निराळी आणि अधिक कठोर आहे. पटकीची साथ आली असता मरीआईचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेपर्यंत नेऊन पलीकडच्या हद्दीत सोडून देण्याची चाल महाराष्ट्राच्या अनेक भागांत होती. पलीकडचे गाव तो आणखी पुढे ढकली. सुधारक लेखकांनी या चालीचा उपहास केला, तो योग्यच होता. कारण दूषित पाण्यातून येणारी पटकी गाड्यावर बसून जात नाही. पण उपहास करून थांबल्याने तिच्यातील समाजशास्त्र हाती लागत नाही. आरोग्याचे एकक व्यक्ती नसून गाव आहे आणि शिवेपलीकडचा माणूस त्या गणतीत नाही, ही समजूत त्या गाड्यामागे आहे. ती समजूत गाड्याबरोबर नाहीशी झाली नाही. २०२० साली करोनाच्या साथीत अनेक गावांनी वेशीवर काट्याकुपाट्या टाकून रस्ते बंद केले आणि शहरांतून पायी परतणाऱ्या आपल्याच माणसांना बाहेर थोपविले. त्याच वर्षी मार्च महिन्यात महाराष्ट्र शासनाने जो कायदा लागू केला, तो १८९७ सालचा साथरोग अधिनियम होता. गाव आणि सरकार, दोघांनीही आपापल्या जुन्या पेटीतून हत्यार काढले. शिवाय मरीआईची सेवा गावात कोणाकडे होती, हेही पाहिले पाहिजे. ती महार-मांगांकडे होती. साथीच्या देवतेला सामोरे जाण्याचे, तिचा कोप अंगावर घेण्याचे काम ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते त्यांच्यावर सोपविलेले होते. पाण्याचा मज्जाव आणि पाण्यातून येणाऱ्या रोगाच्या देवतेचे पौरोहित्य, ही दोन्ही एकाच वस्तीच्या वाट्याला यावीत, यापेक्षा जातिव्यवस्था आणि आरोग्य यांच्या नात्याचे स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्याचा विचार आरोग्येतिहासात होत नाही, तो केवळ सामाजिक समतेच्या प्रकरणात होतो. हीदेखील गॅझेटियरी विभागणीच.

प्लेगच्या बाबतीत मराठी लेखनाची स्मृती अशीच एकांगी राहिली आहे. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग दिसून आला, फेब्रुवारी १८९७ मध्ये वर उल्लेखिलेला कायदा झाला, पुण्यात रँडच्या नेतृत्वाखाली घरांच्या झडत्या झाल्या आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. चाफेकर बंधू, टिळकांचा खटला, दीड वर्षाची शिक्षा, हा सारा भाग आपल्याला पाठ आहे. तो राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासाचा भाग असल्याने पाठ आहे. पण प्लेग १८९७ साली संपला नव्हता. त्याचा खरा संहार त्यानंतरच्या दोन दशकांत झाला आणि हिंदुस्थानात एकंदर एक कोटीहून अधिक माणसे त्याने नेली. पुण्यातील असंतोषाचे मूळ वैद्यकीय उपायांपेक्षा ते करण्याच्या रीतीत होते. सोजिरांनी स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणे, स्त्रियांना उघड्यावर तपासणे, रोग्याला घरातून ओढून नेणे यांमुळे लोक रोगापेक्षा उपायाला भिऊ लागले आणि आजारी माणसे लपवू लागले. म्हणजे उपायच रोगाच्या प्रसाराला हातभार लावू लागला. टिळकांनी झडत्यांवर टीका केली, तशीच हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालयही काढण्यात पुढाकार घेतला. या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख क्वचित होतो. त्याच प्लेगमध्ये, रँडच्या वधाच्या सुमारे साडेतीन महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले मृत्यू पावल्या. डॉक्टर असलेल्या दत्तकपुत्र यशवंत यांच्यासह त्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि त्यातच त्यांना संसर्ग झाला. रोग्याला सक्तीने नेणारा हात आणि रोग्याला उचलून घेणारा हात, दोन्ही एकाच शहरात, एकाच मोसमात होते. इतिहासाने पहिल्याची नोंद विस्ताराने केली.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाची तर तेवढीही नोंद नाही. या साथीत हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे मेली असा अंदाज केला जातो आणि सर्वांत अधिक फटका बसलेल्या प्रांतांत मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा समावेश होता. लोकांनी तिला 'मानमोडी' असे नाव दिले. प्लेगसारखा तीत खलनायक नव्हता, झडत्या नव्हत्या, खटला नव्हता. म्हणून मराठी कादंबरीला आणि चरित्राला तीत कथावस्तू दिसली नाही. एवढ्या मोठ्या मृत्यूने वाङ्मयात इतकी लहान जागा व्यापावी, ही गोष्ट समीक्षकांनी विचारात घेण्याजोगी आहे.

आता ज्या ग्रंथांत रोग्याची बाजू दिसते त्यांकडे वळू. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. विनोद, मोकळी भाषा, दाम्पत्यजीवनाचे चित्रण या गुणांसाठी ती नावाजली गेली. परंतु शुचितेच्या कल्पनेचा इतिहास म्हणून तिच्याकडे पाहिले गेलेले नाही. आरंभीच्या भागात लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड वर्णिले आहे. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर ओढवलेल्या संकटानंतर ते बळावले आणि धुण्याशिवण्याच्या अतिरेकाने सारे घर त्रस्त झाले. वाचक हसतो, पण त्या हसण्यामागे एक गंभीर वस्तुस्थिती आहे. सोवळे म्हणजे स्वच्छता नव्हे. सोवळ्यात पाणी पुष्कळ लागते. पण त्याचा उद्देश जंतू नसून स्पर्श असतो. पुढे लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या आणि प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांमध्ये वावरल्या. एकाच बाईच्या आयुष्यात स्पर्शाचा अर्थ उलटा झाला: जो टाळावयाचा तो करावयाचा झाला. हा बदल तिने कोणत्याही आरोग्यपुस्तिकेतून शिकलेला नव्हता. परिचारिकेचे शास्त्र येण्यापूर्वी स्पर्शाची भीती जावी लागते आणि ती कशी जाते, याचे इतके तपशीलवार साक्ष्य मराठीत दुसरे नाही. या ग्रंथाला 'रम्य आठवणी' म्हणून संबोधणारी टीका त्याच्या अर्ध्या मोलाकडे पाठ फिरविते.

याउलट ज्यांच्याकडून प्रत्यक्ष वैद्यकाची साक्ष अपेक्षावी, तेथे वेगळाच अनुभव येतो. आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. दहा दिवसांचे मूल गमावल्याचा अनुभव त्यांच्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेमागे होता, हे सर्वज्ञात आहे. तरीही प्रबंधाचा आधार जुने संस्कृत ग्रंथ हा होता. परक्या विद्यापीठापुढे आपल्या समाजाची बाजू मांडताना त्या तरुण स्त्रीला शास्त्राचा आधार घ्यावासा वाटला, यात तिचा दोष नाही. त्या काळात इभ्रतीचे प्रमाणपत्र शास्त्राकडूनच मिळे. पण त्यामुळे कल्याणच्या वा कोल्हापूरच्या घरातील खरी बाळंतीण आणि खरी सुईण प्रबंधाबाहेर राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने आनंदीबाईंचा अंत झाला. १९१२ चे काशीबाई कानिटकरांचे चरित्र असो वा १९६८ ची श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी असो, दोन्हींचा भर स्वाभाविकपणे तिच्या जिद्दीवर आणि संसारावर आहे. ज्या रोगाने ती गेली, त्या रोगाचा परदेशातील थंडीशी, आहाराशी आणि एकाकीपणाशी असलेला संबंध पार्श्वभूमीतच राहतो.

आनंदीबाईंच्या प्रबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८६ साली, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. त्यात सुईण आहे, बाळंतीण आहे आणि तिची भूकही आहे. महारवाड्यातील अल्पवयीन मुलीचे पहिले बाळंतपण, भोवती जमलेल्या बायका, बाळंतपणानंतर पोटात घालावयास काही नसणे, अंगावर पुरेसे वस्त्र नसणे, हे सर्व बेबीताईंनी कोणताही गळा न काढता सांगितले आहे. हे वर्णन वाचल्यावर वर सांगितलेल्या 'ताप' या रकान्याचा खरा अर्थ उलगडतो. आपल्याकडे दलित आत्मकथनांची समीक्षा बहुतेक वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांभोवती फिरत राहिली. या ग्रंथांना वेदनेचे दस्तऐवज म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे. ती माहितीची पुस्तके आहेत. कुपोषण, बालविवाह, प्रसूतीतील मृत्यू आणि जात यांची साखळी ज्या क्रमाने 'जिणं आमुचं'मध्ये दिसते, त्या क्रमाने ती कोणत्याही सरकारी अहवालात सापडत नाही.

या ग्रंथाचा आणखी एक विशेष असा, की त्यात देवी आहे आणि तिच्याविषयी लेखिकेची भूमिका दुपदरी आहे. आषाढातील पूजा, पोतराज, रेड्याचा बळी, बायकांच्या अंगात येणे हे सर्व ती बारकाईने रंगविते आणि आंबेडकरांच्या उपदेशाने ते टाकून द्यावे, असे ठामपणे म्हणते. ज्या वस्तीला दवाखाना नाही, गावच्या वैद्याच्या ओसरीवर ज्यांना पाय ठेवता येत नाही, त्या वस्तीत देवी हाच एक वैद्य असतो आणि जिला घरात बोलण्याचा अधिकार नाही त्या सुनेला अंगात आल्यावर तरी सारे घर ऐकून घेते. बेबीताईंच्या वर्णनाचा असा अर्थ लावता येतो. तसा तो लावला तर देवीचा त्याग ही निव्वळ बुद्धीची बाब राहत नाही. ऐकून घेणारी दुसरी जागा निर्माण झाल्यावरच तो शक्य होतो. चळवळीने ती जागा दिली. जेथे चळवळ पोहोचली नाही, तेथे देवी राहिली.

वऱ्हाडच्या भूमीत ही दुसरी जागा निर्माण करण्याचा प्रयत्न कीर्तनाने आणि भजनाने केला. गाडगे महाराज (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून नवसाचा फोलपणा त्यांच्या तोंडून वदवून घेत. आरोग्यखात्याच्या भित्तिपत्रकांना जे साधले नाही ते त्यांच्या खराट्याला साधले. कारण झाडणे हे हलक्या जातीचे काम, ही समजूत त्या खराट्याने मोडली. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'त (१९५५) गावाचे आरोग्य हा स्वतंत्र चिंतनाचा विषय झाला आहे. ओवीसारख्या पारायणाच्या छंदात सांडपाणी, शौचकूप आणि आहार यांची चर्चा आणणे, ही वाङ्मयीन दृष्टीनेही धाडसाची गोष्ट होय. रचनेत पुनरुक्ती आहे, उपदेशाचा सूर कधी कधी एकसुरी होतो. परंतु मोठी मर्यादा याहून वेगळी आहे. ग्रामगीता आरोग्याची जबाबदारी गावावर टाकते. ज्या काळात ती लिहिली गेली, त्या काळात, १९४६ च्या भोर समितीच्या शिफारशींनंतर आणि १९५२ च्या सामूहिक विकास योजनेबरोबर, प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना आकार घेत होती. ती जबाबदारी शासनाची मानणारी होती. गावाने स्वतः करावे हा उपदेश जेवढा स्फूर्तिदायक, तेवढाच तो कामचुकार शासनाला सोयीचा. महाराजांचा तसा हेतू नव्हता, हे सांगावयास नकोच. पण ग्रंथाचा उपयोग कोण कसा करतो हे ग्रंथकाराच्या हाती नसते.

देवी आणि दवाखाना यांच्यातील कुंपण प्रत्यक्ष कामातून कसे पडते, याची दोन उदाहरणे विदर्भातच आहेत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली; तिचे नाव श्री जगदंबा कुष्ठनिवास. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेद्वारे काम केले. तेथील आदिवासींच्या इच्छेनुसार रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले आणि त्याची बांधणीही आदिवासी वस्तीच्या धर्तीवर झाली. या संस्थेने गावातीलच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत बसविली आणि अभ्यासाखालील गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. येथे दवाखान्याने देवीचे नाव घेतले, पण उपचार प्रतिजैविकाचा केला. बुद्धिवादी टीकाकारास हे नाव खटकण्याचा संभव आहे. तथापि सुशिक्षितांच्या न्यायव्यवस्थेची गती पाहिली, तर अशिक्षितांच्या श्रद्धेला मागास म्हणण्याची घाई कोणी करू नये: कुष्ठरोग औषधाने बरा होतो हे विसाव्या शतकातच निर्विवाद झाले होते, तरीही तो घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात २०१९ पर्यंत कायम होता.

हे कुंपण जेथे पडलेले नाही, ती जागाही बुलढाणा जिल्ह्यातच आहे. पिंपळगाव सराईजवळील सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. सर्व धर्मांचे लोक तेथे येतात, नारळांची होळी पेटते आणि असंख्य कुटुंबे आपले मनोरुग्ण आप्त बाधा उतरावी म्हणून तेथे घेऊन येतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे अशाच एका श्रद्धास्थानाजवळ झोपडीला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण पळता न आल्याने मृत्युमुखी पडले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. कायद्याची गरज निर्विवाद आहे. परंतु साखळीचे दुसरे टोक कोणाच्या हाती असते, हे कायदा विचारत नाही. ते बहुधा आईच्या किंवा पत्नीच्या हाती असते. शासकीय मनोरुग्णालये नागपूर, पुणे, ठाणे आणि रत्नागिरी येथे आहेत. अमडापूरहून त्यांतील जवळचे म्हणावे तेही शेकडो किलोमीटरवर. तेथवर रोजगार बुडवून जावे, तर भाषा परकी, 'वेडा' हा शिक्का कायमचा आणि धाकट्या बहिणीचे लग्न मोडण्याचे भय. दर्ग्यावर गेल्यास आजार 'बाहेरून लागलेला' ठरतो, घराण्याचा राहत नाही. या निवडीत अज्ञान आहे, तसाच हिशेबही आहे. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा एकत्र देण्याचा प्रयोग झाला, तो हा हिशेब ओळखूनच. त्यावर श्रद्धास्थानांना मान्यता मिळते असा आक्षेप घेतला गेला, आणि तो हलका नाही. जेथे मांत्रिक आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच अंगणात बसतात, तेथे गोळीचे श्रेय कोण घेईल हे सांगणे कठीण. पण गोळी पोटात गेली आणि साखळी सुटली, तर श्रेयाचा वाद पुढे ढकलण्यास हरकत नसावी.

बाळंतिणीची साक्ष जशी 'जिणं आमुचं'ने दिली, तशी साखळीचे टोक धरून बसलेल्या त्या बाईची साक्ष मराठीत नमूद होणे बाकी आहे. विद्यापीठांतील मराठी विभाग लोकगीते, ओव्या, लोककथा यांचे संकलन अनेक दशके करीत आले. जात्यावरच्या ओवीइतकीच आजारपणाची कहाणीही संकलनास पात्र आहे, असे मानल्यास चिखली तालुक्यातील कोणत्याही गावी पहिल्या आठवड्यातच वह्या भरू लागतील: कोणत्या वर्षी कोणता नवस बोलला गेला, तो कधी फेडला, मधल्या काळात कोणत्या डॉक्टरला किती पैसे दिले, त्यासाठी काय विकले आणि नवस फेडताना बरे झालेल्या माणसाच्या खिशात कोणत्या गोळ्या होत्या.